वही उघडीच राहणार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मी गोष्ट तिथेच थांबवणार. आणि एक आधीच सांगून ठेवतो. माझी चूक झाली हे मला मान्य आहे, पण मी मूर्ख होतो हे मान्य नाही. दोन्हींत फरक आहे. आमच्या घरात तो फरक कुणी मानत नाही, म्हणून तर तुम्हाला बसवून सांगतोय. चहा घ्या.

२०१७ सालची गोष्ट. डहाणूत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पंखे, वायर, विहिरीवरच्या मोटारी. राहायला नरपडला. घरात मी, आई आणि बायको सुनंदा. सुनंदा तलासरीच्या एका शाळेत शिक्षिका. म्हणजे रोज सकाळी आधी शेअर रिक्षा, मग एसटी, आणि एसटी चुकली की जीपमध्ये चौदाव्या सीटवर. जीपला सीटा नऊ असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. अशी दहा वर्षं काढल्यावर तिने पगारातून बाजूला टाकत टाकत स्कूटरचे पैसे जमवले. रंगसुद्धा ठरवला होता. मोरपंखी.

आणि नेमकं त्याच वर्षी मला बिटकॉइन कळलं.

आता, पूर्ण कळलं असं मी कुठे म्हणतोय? वापीहून केबल न्यायला येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर आलेख दाखवला. रेषा सरळ वर चाललेली. मी बावीस वर्षं धंदा करतोय, असली रेषा मी फक्त लाइट बिलाची पाहिली होती. घरी येऊन सुनंदाला म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. स्कूटर तर येईलच, वर आणखी काहीतरी येईल."

"अहो, पण ते पैसे असतात कुठे?"

"इंटरनेटवर."

"आणि इंटरनेट गेलं तर?"

"तू वर्गात पोरांना गप्प कशी बसवतेस गं?"

"असेच प्रश्न विचारून," ती म्हणाली.

पण दिले तिने. विश्वासाने दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते मला फार लागलं.

पैसे तर टाकले, पण बोलायचं कुणाशी? नरपडला चिकूच्या भावावर बोलायला पन्नास माणसं मिळतील, बिटकॉइनवर एक नाही. शेवटी त्याच गिऱ्हाइकाने मला एका ऑनलाइन ग्रुपमध्ये घातलं. नाव 'डिजिटल मावळे'. चार हजार माणसं. ॲडमिनचं नाव कॉइनकाका. काकाचं वय तेवीसच्या वर नसावं, पण रुबाब गडाच्या किल्लेदाराचा.

नवीन माणूस म्हणून मी रीतसर ओळख करून दिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, डहाणूला आलात तर दुकानावर चहाला या म्हटलं, मोटारींवर सूट आहे हेही सांगितलं. माणुसकी म्हणून. लगेच कॉइनकाकाचा मेसेज आला की जाहिरात करू नका, पहिली वॉर्निंग. दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल घालून सुप्रभात पाठवलं. दुसरी वॉर्निंग. "तिसऱ्या वॉर्निंगला बाहेर. ग्रुपचे अकरा नियम वर लावले आहेत, ते वाचा."

मी लिहिलं, "नियम माहीत आहेत मला. तुम्ही मला शिकवू नका."

वाचले नव्हते. पण म्हणून काय तेवीस वर्षांच्या काकाचं ऐकून घ्यायचं?

एक नियम मात्र मी नीट पाळला. ग्रुपवर सारखं सांगायचे की पैशांच्या खात्याला बारा इंग्रजी शब्द मिळतात, तीच तुमच्या तिजोरीची चावी. ज्याच्या हातात शब्द, त्याच्या हातात पैसे. ते मोबाइलमध्ये ठेवू नका, कॉम्प्युटरमध्ये ठेवू नका, कागदावर लिहून घरात जपा. मी कागदावर लिहून आईच्या देवघरात ठेवले. यापेक्षा सुरक्षित जागा अख्ख्या पालघर जिल्ह्यात दाखवा.

दिवाळी आली. आता डहाणूत दुकानदार म्हटला की मराठी असो नाहीतर गुजराती, लक्ष्मीपूजनाला चोपडा पूजन हे ठरलेलं. लाल पुठ्ठ्याची नवी वही आणायची, पहिल्या पानावर श्री काढायचा, शुभ लाभ लिहायचं, आणि वही पाटावर मांडायची. दुकानाची वही मी मांडलीच होती. तेवढ्यात आई म्हणाली, "विलास, आणि ती नवीन लक्ष्मी आणलीस तिचं काय?"

"आई, ती दिसत नाही."

"गॅसची सबसिडीपण दिसत नाही. पासबुक ठेवतोस ना पाटावर? लक्ष्मीला बसायला पाट दिला नाही तर ती दारातूनच परत जाते."

यावर तुम्ही काय बोलला असता? मी दुसरी वही आणली. आता पूजेच्या वहीचं पहिलं पान कोरं ठेवत नाहीत. श्री काढला, शुभ लाभ लिहिलं, आणि त्याखाली लाल शाईने, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, एकाखाली एक, बारा शब्द.

"ही कुठली नावं?" आईने विचारलं.

"हीच लक्ष्मी आहे."

"मग सुनंदा, वाच गं एकेक. मी फूल वाहते."

सुनंदाने वाचलं, "टोमॅटो." आईने फूल वाहिलं. "गिटार." फूल वाहिलं. "अंब्रेला." फूल वाहिलं. अशी बारा नावं झाली. सुनंदाने वहीला हळद-कुंकू वाहिलं, विड्याचं पान ठेवलं, त्यावर सुपारी आणि नाणं. लाह्या-बत्तासे ठेवले. इतकी साग्रसंगीत पूजा बिटकॉइनची जगात कुठे झाली असेल तर दाखवा.

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी फोटो काढतो. सुनंदा कुंकू वाहत असतानाच टिपला आणि टाकला ग्रुपवर. खाली लिहिलं, "समस्त मावळ्यांना लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा."

टाकताना मनात एकच विचार होता. सणाच्या शुभेच्छा म्हणजे तिसरी वॉर्निंग येणार. येऊ दे.

मला वाटलं, आलीच ती. धडाधड मेसेज सुरू झाले. "दादा डिलीट करा." "लवकर डिलीट करा." "नियम सात बघा, नियम सात." "ॲडमिन कुठे आहे?"

माझं डोकं सणकलं. वर्षाचा सण, माणूस हात जोडून शुभेच्छा देतोय, आणि यांना नियम सात आठवतो? मी लिहिलं, "आज लक्ष्मीपूजन आहे. नियम उद्या." त्यावर एकाने लिहिलं, "अहो दादा, ती वही बंद करा आधी."

वही बंद करा? ऐका हं. लक्ष्मीपूजनाची वही आमच्याकडे रात्रभर उघडी ठेवतात. लक्ष्मी येते ती उघड्या पानावर येते. बंद करायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी, तीही हात जोडून. माझ्या आजोबांनी कधी पूजेची वही रात्री मिटली नाही, वडिलांनी मिटली नाही, आणि हा कोण कुठला मला सांगणार?

"वही उघडीच राहणार," मी लिहिलं. "ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटावेत."

आई म्हणाली, "काय झालं रे?"

"वही मिटायला सांगतायत."

"कोण मेला तो? घरी आई नाही का त्याला?" आई म्हणाली. झालं, आता तर मातोश्रींचाही पाठिंबा मिळाला.

मग एकाने लिहिलं, "नशीब समजा, अर्धं पान फुलांखाली आहे, नीट दिसत नाहीये."

इथेच, इथेच मी थांबलो असतो ना, तर आज तुम्हाला हा चहा मोरपंखी स्कूटरवर बसवून बोर्डीच्या किनाऱ्यावर पाजला असता. पण मला वाटलं हा टोमणा मारतोय, माझ्या फोटोला नावं ठेवतोय. नीट दिसत नाही काय? थांब, दाखवतो. फुलं बाजूला केली, विड्याचं पान सरकवलं, नाणं उचललं. सुनंदाला म्हटलं निरांजन जवळ धर, उजेड पडू दे. आणि एक असा स्वच्छ फोटो काढला की पासपोर्टवालासुद्धा तसा काढणार नाही. टाकला. खाली लिहिलं, "घ्या. आता दिसतंय?"

दिसलं. चार हजार लोकांना दिसलं.

मी मोबाइल उपडा ठेवला आणि करंजी खाल्ली. दोन करंज्या खाल्ल्या. इतकी चांगली चव मला आयुष्यात लागली नव्हती, विजयाची होती ती. तिसरी उचलली आणि म्हटलं बघू तरी, तोंडं बंद झाली का. ग्रुप एकदम शांत होता. फक्त कॉइनकाकाचा एक मेसेज. "दादा, खातं बघा तुमचं." आणि त्याखाली कुणीतरी, ज्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते, त्याने लिहिलं होतं, "शुभ लाभ."

खातं उघडलं. शून्य. पुन्हा उघडलं. शून्य. मग मी वर जाऊन नियम सात वाचला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यात लिहिलं होतं की बारा शब्द कुणालाही, कुठल्याही कारणासाठी, दाखवू नयेत.

आता मला सांगा, मी शब्द दाखवले का? मी पूजा दाखवली. शब्द तिथे होते, हा भाग वेगळा. हे मी कॉइनकाकाला लिहिलंसुद्धा. त्याने तिसरी वॉर्निंग दिली नाही, नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. ते जास्त लागलं.

आणि सुनंदा समोर बसून वहीवरच्या लाह्या वेचत होती. तिला काय सांगायचं? त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण तोंडातून निघालं, "हॅक झालं."

"म्हणजे?"

"परदेशी टोळी असते. मोठमोठ्या कंपन्यांना सोडत नाहीत, आपण काय."

वही मिटली तिने, रात्रीच. दोन दिवसांनी भाऊबीजेला माहेरी गेली आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा जीपच्या चौदाव्या सीटवर बसली. एक शब्द तक्रार नाही. भांडली असती तर मी दुप्पट भांडलो असतो, पण न भांडणाऱ्या बाईपुढे करायचं काय?

गावात मात्र माझं वजन वाढलं. नरपडसारख्या गावातल्या माणसाला परदेशी टोळी शोधत येते म्हणजे काय थट्टा आहे? नाक्यावर लोक विचारायचे, "विलासशेठ, कसं झालं नक्की?" मी सांगायचो. दरवेळी टोळीत दोन माणसं वाढायची. पुढे काही महिन्यांनी बिटकॉइनचा भाव धाडकन पडला, वापीच्या गिऱ्हाइकाने डोक्याला हात लावला. मी त्याला म्हटलं, "बघा, मी भाव वर असतानाच बाहेर पडलो." कुणाच्या खिशात बाहेर पडलो, तो तपशील मी दिला नाही.

असं वर्ष गेलं. मग एक दिवस सुनंदा शाळेतून आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आमच्या शाळेतल्या नवीन मॅडम तुमच्या त्या डिजिटल मावळ्यांच्या ग्रुपमध्ये गेल्यात."

"बरं," मी म्हटलं.

"नवीन माणूस आला की ते आधी एक फोटो पाठवतात. खाली लिहितात, 'असं कधीही करू नका.' मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. खूप हसले सगळे. मीपण हसले."

मी उठून पंखा एकने वाढवला.

"मग हात बघितला. कुंकू वाहणारा. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला." तिने स्वतःचा हात पुढे केला. "हसायची थांबले मी."

"सुनंदा, त्याचं असं आहे—"

"फोटोबरोबर तुमची उत्तरंपण जोडली आहेत त्यांनी. सगळी वाचली मी. पैसे गेले त्याचं दुःख वर्षभरात संपलं हो. परदेशी टोळीचंही जाऊ दे. पण 'नियम माहीत आहेत मला, तुम्ही मला शिकवू नका' हे मला वाटायचं तुम्ही फक्त मलाच म्हणता."

आई आतून म्हणाली, "वही उघडी ठेवली ते बरोबरच होतं हो." पण त्या पाठिंब्याचा आता उपयोग नव्हता.

पुढच्या महिन्यात सुनंदाने पतपेढीतून कर्ज काढलं आणि स्कूटर आणली. मोरपंखी. मला विचारलं नाही, कळवलं. आता तलासरीला ती वाऱ्यासारखी जाते, आणि रविवारी मला दुकानावर डहाणूला जायचं असतं तेव्हा मी रिक्षाने जातो. दारात स्कूटर उभी असताना.

तुम्ही म्हणाल, मागून बघायची. मागतोही मी. ती हसून म्हणते, घेऊन जा ना. फक्त चावी कुठे असते ते मला सांगत नाही.