बायकांच्या हॉलमधली फोटोग्राफर

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी मस्कतला लग्नांचे फोटो काढले आणि शहापूरला परत आले, तेव्हा दाखवायला एकही फोटो नव्हता. तिकडे बायकांच्या हॉलमध्ये पुरुषाला प्रवेश नसे, म्हणून तर मला काम मिळालं. आणि ते फोटो परक्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून निगेटिव्हसुद्धा त्याच घरच्यांच्या हवाली कराव्या लागत. मला ते पटायचं.

बाजारातल्या स्टुडिओवाल्याला पटलं नाही. त्याने कामाचे नमुने मागितले, मी खरं ते सांगितलं, तो गालातल्या गालात हसला. मग कुजबुज सुरू झाली, की ही तिकडे धुणीभांडी करायची, कॅमेरा कसला! धुणीभांडी करण्यात कमीपणा नाही. पण मी केलेलं काम केलंच नाही म्हटलं, की माझं टाळकं फिरतं.

पुढे त्याचा फोटोग्राफर आजारी पडला, तेव्हा नाइलाजाने त्याने मला मुरबाडकडे एका हळदीला धाडलं. आपल्याकडचे फोटोग्राफर बायकांना रांगेत उभं करून दटावतात, मान वर करा, हलू नका. मी मस्कतला शिकले ते अगदी उलट. कॅमेरा मांडीवर घेऊन बायकांतच बसायचं आणि त्या आपल्याला विसरल्या की मग बटण दाबायचं. नवरीच्या आईने विहिणीची टर उडवणारं गाणं म्हटलं. हळदीने माखलेल्या नवरीसकट सगळ्या तोंड उघडून हसल्या. तो क्षण मी टिपला.

थोड्याच दिवसांत तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लागला. मी आत शिरले, तर हा गिऱ्हाइकाला सांगतोय, "आमचा माणूस परदेशात शिकून आलाय." म्हणजे परदेश खरा, खोटी फक्त मी! मी जाब विचारला, तर म्हणे बाईचं नाव सांगितलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही.

अल्बम न्यायला आलेली नवरीची आई बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती उठून काचेपाशी गेली.

"बाप्या कुठला रे? हीच बाय बसलेली आमच्यात. बाप्या असता त आमी अशा हासलो असतो का?"