तिसऱ्या कोपऱ्याचं माप

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, इथल्या, इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या मैत्रिणींना तर मुळीच नाही — त्यांच्या कानावर सकाळी घातलेली गोष्ट संध्याकाळी पार लंडनच्या पिनरला पोचते. मग तुला का सांगतेय? माहीत नाही. गेला आठवडाभर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. चहा करते आणि प्यायचा विसरते. नवरा म्हणाला, "अगं, बस की एका जागी!" तर मी त्याच्यावरच खेकसले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टीव्हीवर रग्बीची मॅच बघताना मधेच आपण खेळाडूंच्या डोक्यावरून सरसर उडत गेल्यासारखं दिसतं ना? तो कॅमेरा मी उडवते. ड्रोन नव्हे — सगळे ड्रोनच म्हणतात, सासूबाईसुद्धा. स्टेडियमच्या छताला चार कोपऱ्यांत चार कप्प्या असतात, त्यांवरून चार दोर येतात, आणि मधे त्या दोरांना कॅमेरा टांगलेला. एक दोर सैल सोडायचा, दुसरा ओढायचा, की कॅमेरा हवा तिकडे जातो. ओढायला मोटारी, मोटारींना हुकूम द्यायला कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर मी. पण कुठली कप्पी नेमकी कुठे बसवलीय हे त्या कॉम्प्युटरला कसं कळणार? आकड्यांत सांगावं लागतं. आकडा चुकला, तर पडद्यावर कॅमेरा एकीकडे आणि खरा कॅमेरा भलतीकडे.

ते आकडे द्यायचा ह्यू. कार्डिफचा, तेव्हा एकसष्ट वर्षांचा. कंबरेला पट्टा बांधून छतावर चढायचा, कप्प्या बसवायचा, मापं घ्यायचा आणि रेडिओवरून मला सांगायचा. मी "मिळालं" म्हणायचं आणि टाइप करायचं. तो खाली उतरला की तेच कागदावर लिहायचा. मी आयटीतून या धंद्यात आले तेव्हा मला दोर आणि चऱ्हाट यांतला फरक कळत नव्हता. सगळं त्यानं शिकवलं, एकदाही न चिडता. आणि मी काय चिडकी आहे हे तुला एव्हाना कळलंच असेल.

जेवताना आम्ही बोलायचो. त्याची आई शेवटी शेवटी त्याला ओळखत नव्हती. दहा मिनिटांपूर्वी आलेल्या माणसाला "तू कधी आलास?" विचारायची. ह्यू म्हणायचा, पडून मेलो तरी चालेल, पण तसं नको. त्याला दुसरी कसलीच भीती नव्हती. हे मला माहीत होतं — हे लक्षात ठेव हं. मला पक्कं माहीत होतं.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. शनिवारी मॅच होती, शुक्रवारी सकाळी आमची चाचणी. आणि माझा फोन सारखा वाजत होता. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन कोण करणार, यावरून व्हॉट्सॲपवर जुंपली होती. दरवर्षी मी करते. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं की नव्या माणसांना संधी द्या. झालं! माझं डोकं फिरलं. असं झोंबणारं उत्तर लिहायला घेतलं होतं मी, की काय सांगू. दोन्ही अंगठे चालू होते.

तेवढ्यात रेडिओवर ह्यू बोलला. तिसऱ्या कोपऱ्यात नवे स्पीकर टांगलेत, तिथली कप्पी हलवावी लागली. दोन मीटर दहा, आतल्या बाजूला. मिळालं का?

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "मिळालं."

आणि मग माझं ते उत्तर पूर्ण केलं, पाठवलं, आणि कॉम्प्युटरवर गेल्या मॅचचे आकडे होते तेच ठेवून कॅमेरा उडवला. विसरले. साफ विसरले! तिसऱ्या कोपऱ्याकडे नेला तेव्हा पडद्यावर तो चांगला उंच दिसत होता. खरा कॅमेरा गवतावर पांढऱ्या रेघा मारणाऱ्या माणसाच्या अंगावर आला. त्यानं स्वतःला जमिनीवर झोकून दिलं म्हणून वाचला. कॅमेऱ्याचे तुकडे झाले. तो माणूस उठून बसला आणि हसायलाच लागला, घाबरून. माझे हात अजून कॅमेरा फिरवायच्या दांड्यांवरच होते.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाची होत नाही? हे इथपर्यंतच असतं तर मी तुला आज सांगत बसले नसते.

तासाभरात मॅनेजरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या रेडिओवर आम्ही दोघंच होतो. कुठे रेकॉर्ड नाही, आणि ह्यू उतरलाच नव्हता म्हणून कागद कोरा. ह्यू म्हणाला, मी सांगितलं होतं. बाई माझ्याकडे वळल्या. मी विचार केला का? केला — दोन सेकंद तरी केला. नोकरी जाईल, परत ऑफिसात बसावं लागेल, लोक काय म्हणतील. आणि मी कानांवर हात ठेवले. म्हणाले, नाही, मला काहीच ऐकू आलं नाही.

ह्यू चिडला असता ना, तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाला, "मला तर आठवतंय, मी बोललो." तरी मी गप्प बसले का? नाही. माझी जीभ! मी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "मनातल्या मनात म्हणाला असशील, ह्यू. होतं असं."

त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येत नाही. मी त्याच्या आईचं नाव काढलं नाही, पण त्याला तीच आठवली, आणि आठवणार हे मला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "असेल." बाईंनी तसं लिहून घेतलं.

त्यानंतर तो छतावर चढला नाही. कुणी काढलं नाही त्याला, त्यानंच सोडलं. म्हणाला, माझ्या डोक्याचा भरवसा नाही, उद्या खरंच कुणीतरी मरेल. खिशात वही ठेवायला लागला. गॅस बंद केला, लिही. औषध घेतलं, लिही. नातीला बागेत एकट्यानं नेणं सोडलं. गाडी सोडली. त्याची बायको बेथन त्याला हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काहीही झालेलं नाही. एकदा नाही, तीनदा सांगितलं. ह्यूनं मला फोनवर काय म्हणावं? "डॉक्टर त्या दिवशी तिथे नव्हते. तू होतीस."

मी तरीही बोलले नाही. दर महिन्याला त्याला फोन केला, ख्रिसमसला केक घेऊन गेले, बेथन मला मिठी मारून म्हणाली, तुझ्यासारखं कुणी नाही. आणि मंडळाचं निवेदन? ते मीच केलं. त्या वर्षीही, त्यानंतरही.

गेल्या रविवारी त्यानं मला घरी बोलावलं. टेबलावर कागद काढून ठेवले होते. पुढे आपलं डोकं चालेनासं झालं तर आपले सगळे निर्णय बेथननं घ्यावेत, असे कागद. त्यावर घराबाहेरच्या एका माणसाची सही लागते, की मी याला कित्येक वर्षं ओळखते, आज याला सगळं नीट समजतंय, कुणी याच्यावर दबाव आणलेला नाही. त्यानं मला निवडलं होतं. म्हणाला, तू मला खरं ते सांगतेस. आणि अशा वेळी दोघांनीच बसून बोलायचं असतं, म्हणून बेथन उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

मी विचारलं, हे कागद कशाचे आहेत ते सांग. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्या पानापासून, एक शब्द न चुकता, वहीत न बघता. मग पेन माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "आज तरी मी ठीक आहे ना?"

"आज ठीक आहेस," मी म्हणाले. "आज" म्हणाले मी, "तेव्हाही होतास" नाही म्हणाले. आणि सही केली.