सर्वस्व म्हणजे सगळे चिंचोके

दुपारचं जेवण झालंय आणि मी डाव्या कुशीवर वळलोय. पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरतो. ती कुरकुर मोजता मोजता कुणीतरी पत्ते पिसतंय असं वाटायला लागतं. माझे डोळे मिटलेले आहेत हे मला माहीत आहे. समोर खांबेटे बसलेत हेही दिसतंय. खांबेटे मार्चमध्ये गेले. त्यांच्या शोकसभेत मी स्वतः बोललोय, त्यामुळे या बाबतीत माझी माहिती पक्की आहे.

"उठून बसा, फणसळकर," ते म्हणतात. "पडून कसले खेळताय."

मी उठून बसतो तर पलंग नाहीच. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आहे, टेबलावर हिरवी सतरंजी आहे आणि पानं वाटायला लीलाताई भडकमकर आहेत. लीलाताई हयात आहेत, सकाळीच बागेत भेटल्या होत्या. पण बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई, कुठेही वेळेवर हजर असते.

आमच्या संघात पोकर चालतं, हे सांगलीत फारसं कुणाला ठाऊक नाही. संघाच्या घटनेत जुगाराला बंदी आहे, म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. स्पर्धेत प्रत्येकाला पन्नास चिंचोके. ते संपले की माणूस बाद, आणि शेवटी जो उरेल त्याला स्टीलचा डबा. जवळचे सगळे चिंचोके एकदम मध्ये सारण्याला इंग्रजीत ऑल-इन म्हणतात. खांबेटे निवृत्त भूमापक. त्यांना जमिनीत अतिक्रमण चालत नसे तसं भाषेतही चालत नसे, म्हणून त्यांनी प्रतिशब्द काढला, 'सर्वस्व'. नुसता काढून थांबले असते तर ठीक होतं. पण ते प्रत्येक डावाला, हातातली दोन पानं न बघताच, "सर्वस्व" म्हणायचे.

अशा खेळाडूचा बंदोबस्त अवघड नसतो. आपण पानं टाकत शांत बसायचं. पान चांगलं आलं की मोठी बोली लावून मधली भित्री मंडळी आधी हाकलायची, म्हणजे तो एकटा सापडतो. मग त्याच्या सर्वस्वाला लगेच हो म्हणायचं आणि पानं उघडायची. यातला 'लगेच' हा शिष्टाचार आहे. ज्याने सगळं लावलंय त्याला, आपण जिंकणार हे माहीत असताना ताटकळत ठेवायचं नसतं.

गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत माझ्या हातात दोन एक्के होते आणि समोर फक्त खांबेटे. ते म्हणाले, सर्वस्व. मी चष्मा काढला, पुसला. चहा मागवला, साखर ढवळली. काय करावं बरं, असं छताला विचारलं. हॉल हसत होता. चार मिनिटांनी मी एक्के मांडले. खांबेट्यांकडे सत्ती आणि दुर्री निघाली, मध्ये मांडलेल्या सामाईक पाच पानांनीही त्यांना काही मदत केली नाही. हात न मिळवता, चपलासुद्धा न घालता ते मागच्या दाराने निघून गेले. चिडून गेले, असं आम्ही समजलो. सर्वस्व गेलं, चपला तरी न्यायच्या, असं मी म्हणालो. विनोद चांगला होता, म्हणून शोकसभेतही सांगितला.

"तिथेही लोक हसले," खांबेटे म्हणतात.

आता आम्ही त्या शोकसभेतच आहोत. भिंतीवरच्या फ्रेमला हार आहे, आत फोटो नाही. खांबेटे इकडे बसलेत म्हटल्यावर तिथे कसे असतील?

"थोडेच हसले," मी म्हणतो.

"बावीस जण. मी मोजत होतो."

लीलाताई पानं वाटतात. माझ्यापुढे नऊ चिंचोके आहेत, खांबेट्यांपुढे ढीग. मी नियम विचारतो. नियम तेच आहेत, त्या सांगतात. डाव चालू असताना उठायचं नाही. सर्वस्व म्हटल्यावर एकही चिंचोका हातात ठेवायचा नाही. ठेवला तर डाव रद्द, पानं पुन्हा वाटायची.

"आणि बाद झालेला मागच्या दाराने जातो," खांबेटे म्हणतात. "त्या दारातून परत येऊन अजून कुणी दुपारचा चहा घेतलेला नाही."

दार उघडं आहे. पलीकडे भूमापन कार्यालयातली कपाटं दिसतात, नकाशांच्या गुंडाळ्या, आणि त्यांच्या खाली एक चपलांचा जोड.

मी हातातली पानं किंचित उचलून बघतो. सत्ती आणि दुर्री. शहाणा माणूस ही टाकून पुढच्या डावाची वाट बघतो, आणि वाट बघण्यात माझा हात कुणी धरलेला नाही. पण वाट बघवत नाही. जेवताना दोन पेले ताक झालंय. मी एका मांडीवरून दुसरीवर होतो. सतरंजीवरची फुलं मोजतो. खांबेट्यांच्या मागे आता कृष्णेचा घाट आहे आणि पाणी वाहतंय. त्याचा आवाज मला मुळीच ऐकायचा नाही.

"लीलाताई, दोन मिनिटं जाऊन येतो."

"पानं जातील. आणि तुमचे नऊही."

डाव संपवायचा एकच झटपट मार्ग आहे. मी चिंचोके मध्ये सारतो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो, "सर्वस्व."

खांबेटे चष्मा काढतात. धोतराच्या सोग्याने एक काच पुसतात, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. चहा येतो. ते साखर ढवळतात.

"काय करावं बरं," ते छताला विचारतात.

"खांबेटे, पानं उघडा."

"घाई काय आहे? हॉल हसतोय."

हॉलमध्ये कुणीही नाही, तरी हसू ऐकू येतंय. ते माझं आहे. माझे गुडघे एकमेकांना चिकटलेत, कपाळावर घाम आहे. मागच्या दाराबाहेर उजवीकडे संघाची मुतारी आहे, हे मला आत्ता आठवतं.

"तुम्ही चिडून गेला नव्हता," मी म्हणतो.

ते बशीत चहा ओततात. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्ध्या तासाच्या वर रोखून बसू नका. प्रत्येक डाव लवकर संपवायला मी काय म्हणत होतो, ते तुम्ही बावीस जणांना सांगितलंत. त्या दिवशीची चार मिनिटं मी कशी काढली, ते विचारलंत कधी?"

"बोलायचं होतंत."

"लीलाताईंसमोर?"

लीलाताई पत्त्यांकडे बघत राहतात. मी माफी मागायला तोंड उघडतो, पण या अवस्थेत मागितलेली माफी खांबेटे मोजणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. ते बशी खाली ठेवतात. आपल्या वरच्या पानाला बोट लावतात. कोपरा उचलतात. बदामाचं टोक दिसतं, आणि त्याच्या वर

मी पलंगावरून उठून धावत सुटतो. चपला घालत नाही.

वेळेवर पोचतो, वाचकांनी भलत्या खुणेची कल्पना करू नये. स्वप्नाने मागे ठेवलेली खूण वेगळीच आहे. नळाखाली हात धुताना उजवी मूठ उघडत नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आत एक चिंचोका आहे, घामाने चकचकीत झालेला.

म्हणजे मध्ये सारले ते आठ होते. सर्वस्व म्हणताना मी एक मागे ठेवला होता. डाव रद्द. पानं पुन्हा वाटायची.

हे कालचं झालं. आज जेवताना ताक घेतलं नाही. नंतर दोनदा जाऊन आलो, चपला पलंगाखाली नीट लावल्या, आणि आता चिंचोका मुठीत धरून डाव्या कुशीवर वळतोय. पंखा कुरकुरायला लागला आहे.