साखळी सरांनी धुतलेला कोट

साखळी सरांबद्दल मला आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. मी त्यांची विद्यार्थिनी होते, आता त्यांचे शर्ट धुते, आणि दोन्हीकडून बघून झाल्यावर माझं हे मत झालंय.

आमच्या दुकानासमोरच्या कॉलेजात ते जीवरसायन शिकवायचे. शिकवायचे म्हणजे वाचून दाखवायचे. कडा तपकिरी झालेली एक वही होती आणि पहिल्या तासाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, 'प्रोटीन म्हणजे साखळी.' म्हणून साखळी सर. एकतीस वर्षं तीच वही, तेच वाक्य. प्रोटीनचे दोन प्रकार, गोलाकार आणि तंतुमय. गोलाकार पाण्यात विरघळतात, तंतुमय विरघळत नाहीत. गोलाकार कामं करतात, तंतुमय आधार देतात. समास सोडा, तक्ता काढा, खाली रेघ मारा. का विरघळतात, का आधार देतात, असं कोणी विचारलंच तर सर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "तक्त्यात आहे तेवढं लिही." मी दोन वर्षं तक्ते काढले. मग बाबांची कंबर धरली आणि मी त्यांच्या लॉन्ड्रीत येऊन बसले. फार काही गमावलं असं मला कधी वाटलं नाही.

बाबांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. रक्त, अंडं, दूध यांना गार पाणी. तेलाला गरम. रेशीम आणि लोकर यांना डाग खाणारी पावडर दाखवायचीसुद्धा नाही. का, ते बाबांना माहीत नव्हतं, पण माहीत असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. ते मी नंतर इस्त्री करता करता जुळवलं. रक्तातलं प्रोटीन गोळ्यासारखं गुंडाळलेलं असतं, गार पाण्यात सुटून जातं. गरम पाणी पडलं की अंड्यासारखं शिजतं आणि कापडाला धरून बसतं. म्हणजे वही सरांची, पण उजेड पडला तो बाबांच्या बादलीत.

सर दर सोमवारी पाच शर्ट घेऊन यायचे. पावतीवर मी लिहिलेल्या शब्दांतल्या चुका स्वतःच्या पेनाने सुधारायचे. बाह्यांची घडी नाकापाशी धरून तपासायचे. चार गिऱ्हाइकांसमोर एकदा म्हणाले, "धुण्याच्या कामाचं एक बरं असतं. डोकं लागत नाही." मी ऐकून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय करणार.

त्यांची बायको मात्र गुणाची बाई. घरी शिवणकाम करायची, शिवलेले कपडे इस्त्रीला माझ्याकडे आणायची. कमी बोलायची, पण तिचं शिवण उलटं करून बघितलं तरी सुलट कुठलं ते कळायचं नाही. सर त्याला टाइमपास म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. महिना उलटायच्या आत या गृहस्थांनी तिचं शिलाई मशीन भंगारात घातलं आणि मुलीला सांगितलं, मामीकडे पाठवलंय. मुलीला ते भंगारवाल्याच्या आवारात दिसलं. सुईत आईने ओवलेला दोरा तसाच होता.

मुलगी वर्षभर बापाशी बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण दोघांना एकमेकांशिवाय होतंच कोण. पण आईने शेवटचा शिवलेला एक रेशमी कोट होता, मोतिया रंगाचा. तो तिने स्वतःच्या कपाटात ठेवला आणि बापाला बजावलं, "आईचं आता एवढंच उरलंय. ह्याला हात लावलात तर माझा तुमचा संबंध संपला." हे मला तिनेच सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, बोलते हळू, पण बोलली की बोलली.

या वर्षी तिचं लग्न ठरलं. नोंदणी कचेरीत सही, शुक्रवारी अकरा वाजता. तोच कोट घालून सही करायची आणि शनिवारी नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायला जायचं. रविवारी कोटाचं बटण घट्ट करताना तिच्या बोटात सुई गेली आणि बाहीवर वाटाण्याएवढा रक्ताचा डाग पडला. सोमवारी पहाटेच तिला तिकडची खोली बघायला जायचं होतं. कोट खुर्चीवर ठेवून जाताना ती म्हणाली, "गुरुवारी आल्यावर लॉन्ड्रीतल्या मावशींकडे देते. तुम्ही काही करू नका."

सरांना काही करू नका म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देऊन वर काडेपेटी कुठेय ते सांगणं.

बुधवारी दुपारी ते दुकानात आले. पिशवीतून ओलं काहीतरी काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. मी उलगडलं. कोपराशी बाही फाटलेली. पुढच्या बाजूची चकाकी गेलेली, कापड जुन्या गोधडीच्या आतल्या थरासारखं मऊ पडलेलं. मी नुसता अंगठा टेकवला तर तो आरपार गेला. आणि डाग जागच्या जागी. लाल होता तो तपकिरी झाला होता, एवढाच काय तो फरक.

"पाणी जरा गरम होतं," सर म्हणाले.

"जरा म्हणजे?"

"उकळतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. उष्णतेने गोलाकार प्रोटीन उलगडतं, हे वाक्य ह्याच माणसाने आम्हाला दोन वेळा लिहायला लावलं होतं, पहिल्यांदा रेघ सरळ आली नव्हती म्हणून.

"मग डाग पक्का झाला. म्हणून पावडर घातली. ती एन्झाइमवाली, निळ्या पाकिटातली. मुलीने आणून ठेवली होती. कोमट पाण्यात."

"किती वेळ?"

"दोन दिवस. मधून मधून बघत होतो."

मधून मधून बघत होते म्हणे. ती पावडर प्रोटीन तोडते, त्यासाठीच असते. आणि रेशीम दुसरं काय असतं? मांजराला दुधाची राखण दिली आणि हा माणूस अधूनमधून मांजराची विचारपूस करत होता. दुकानात झाडू मारणारी बाईसुद्धा हे करणार नाही. ती आधी विचारेल. सरांना विचारायची सवय नव्हती, त्यांना प्रश्न फक्त पेपरात काढता यायचे.

"ह्याचं आता काही होणार नाही," मी म्हटलं. "मुलीला फोन करा आणि सांगा."

"फोन केला होता सकाळी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सांगितलं, कोट लॉन्ड्रीत दिलाय म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हातातली इस्त्री बाजूला ठेवली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं.

"तू म्हण, तुझ्याकडून झालं," सर म्हणाले. "तुझं काय जातंय? तुम्हा लोकांकडून असं होतच असतं."

माझं काय जातंय. बावीस वर्षं मी हे दुकान चालवते, आजवर एका कपड्याची तक्रार नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, सर, तुमच्यासारखा भेकड माणूस मी बघितला नाही. मशीन विकलंत तेव्हा खोटं बोललात, आता कोट नासवलात तेव्हाही खोटंच, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "परवा सही झाली की ती जाईल, आणि परत येणार नाही. तुला माहीत आहे ती कशी आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कीव आली नाही. खोटं कशाला बोलू, थोडी आली, आणि त्याचा मला अजून राग आहे. पण हो म्हटलं ते त्यांच्यासाठी नाही. आई नसलेली पोर, सहीच्या आदल्या दिवशी बापाला कायमचं तोडून बसली तर तिच्या बाजूला उभं राहायला कोण? माझ्यावर चिडली तर चिडू दे, लॉन्ड्रीवाली दुसरी मिळते.

"एका अटीवर," मी म्हटलं. "मी बोलेन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"अजिबात नाही," ते म्हणाले, आणि शर्टाची पावती मागायला विसरले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी दोघं आले. मुलगी प्रवासातून थेट आली होती, खांद्यावर बॅग तशीच. मी कोट वाळवून, जमेल तेवढा नीट करून कागदावर ठेवला होता. म्हटलं, "माझ्याकडून गरम पाण्यात पडला. दुसऱ्या कोणाची चूक नाही. माझीच."

ती स्टुलावर बसली. बाही उचलून बघितली, फाटलेल्या जागी बोट फिरवलं. "मावशी, तुमच्याकडून?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. बराच वेळ तिने ते कापड मांडीवर धरलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "असू दे. माणसाकडून होतं." मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी वेळेवर इथे आणून दिलात. थँक्यू."

झालं होतं सगळं. तिथेच मिटलं होतं. त्या माणसाने फक्त 'चल घरी' म्हणायचं होतं.

पण मुलीने थँक्यू म्हटलं आणि सरांची छाती फुगली. ते काउंटरला टेकले, कोटाची बाही दोन बोटांत उचलली, आणि म्हणाले, "ह्या लोकांना मूळ गोष्टच माहीत नसते. रेशमातल्या साखळ्या गुंडाळलेल्या नसतात. सरळ, एकमेकींना लागून, थरावर थर. त्यातले दुवे इतके बारीक की थर अगदी चिकटून बसतात, मधे पाणी शिरायला जागा नाही. म्हणून रेशीम ओढलं तरी तुटत नाही. रक्तातलं प्रोटीन उलट. त्याचा गोळा. पाणी आवडणारी बाजू बाहेर, न आवडणारी आत दडवलेली. म्हणून ते रक्तात फिरतं, आणि त्याच्या खोबणीत प्राणवायू बसतो. उकळतं पाणी पडलं की गोळा उलगडतो, आत दडलेलं बाहेर येतं, धागे एकमेकांत गुंततात, कापडाला चिकटतात. संपलं."

मी ऐकतच राहिले. हातात वही नव्हती. तक्ता नव्हता. हा माणूस असं बोलू शकत होता, आणि एकतीस वर्षं आमच्याकडून रेघा मारून घेत होता. मला इतकी चीड आली की त्यांना थांबवायचं राहूनच गेलं.

"आणि एन्झाइम हाही गोळाच," सर बोलत होते, आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. "त्याच्या खोबणीत साखळी बसली की कापली जाते. रेशमाच्या घट्ट थरांत ते शिरत नाही. पण मधे मधे सैल जागा असतात, तिथे शिरतं. दोन दिवस कोमट पाण्यात दिलेत तर सगळ्या सैल जागा पोखरून ठेवतं. वरून कापड दिसतं, आत दम नसतो. रेशमाला वापरू नका, असं पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. वाचायचे कष्ट कोण घेतो?"

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. "मावशी फक्त गरम पाणी म्हणाल्या," ती म्हणाली.

सरांनी बाही सोडून दिली.

"पावडरचं त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांचंही नाही." तिने माझ्या मागच्या फळीकडे बघितलं. तिथे नुसते मोठे डबे आहेत, पाकीट एकही नाही. "निळं पाकीट मी आणलं होतं. तुमच्या बनियनांसाठी."

"मी साधारणपणे बोलत होतो," सर म्हणाले. "म्हणजे, सर्वसाधारण नियम असा आहे की..."

तिने पुढे ऐकलं नाही. मला विचारलं, "ह्या कोटातलं काही वाचलंय का?"

कॉलर वाचली होती. बादलीच्या काठावर राहिली असावी, पाणी पोचलं नव्हतं. मी कात्रीने ती अलगद कापून दिली. वीतभर कापड. आईचे टाके शाबूत होते. तिने ते रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलं, माझा हात क्षणभर धरला, आणि जाताना बापाला म्हणाली, "उद्या येऊ नका."

ती रस्ता ओलांडून गेली तरी सर काउंटरपाशीच होते. मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मला बरं वाटेल. नाही वाटलं. उरलेला कोट त्यांच्या हातात होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांचं घर मोडलं.

"तू कबूल केलं होतंस," ते म्हणाले.

"केलं होतं," मी म्हटलं. "आणि पाळलं. तुम्हीच शिकवायला लागलात, सर."