नळीवरची हिरवी माशी

आबा आमच्या घरात यायचे तेव्हा बंदूक घेऊन थेट आत कधी आले नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबायचे, बंदूक मधोमध उघडायचे, दोन्ही नळ्यांतून आभाळाकडे बघायचे आणि मग ती माझ्यासमोर धरायचे. "बगा मास्तर." मला कामाची घाई असली तरी सुटका नसे. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतोय असं मी तोंडाने म्हटल्यावरच त्यांच्या चपला पायातून निघत. काडतुसं तर ते घरीच ठेवून येत.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तासगावात आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवत होतो आणि आबा दोन घरं सोडून राहत. मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीत हत्यारं दुरुस्त करणारे हवालदार. निवृत्त झाल्यावर सासुरवाडीच्या गावी आले आणि बेदाण्याच्या एका शीतगृहावर राखणीला लागले. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावचा; नोकरी मिळाली तीही त्या बंदुकीमुळे. पण स्वतःच्या बंदुकीला ते कधी 'बंदूक' म्हणाले नाहीत. "बंदूक शिकाऱ्याची आसती," म्हणायचे, "माजं हत्यार हाय."

चष्म्याचा त्यांना फार राग. त्यांच्याआधीच्या राखणदाराला चष्मा लागला आणि महिन्याभरात मालकाने त्याला घरी बसवलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी डोळ्यांचा विषय काढला की आबा उठून उभे राहत. "माजी नजर पलटनीत तपासल्याली हाय," एवढंच बोलत. त्या तपासणीला वीस वर्षं होऊन गेली होती.

त्या उन्हाळ्यात मला काही काही गोष्टी दिसायला लागल्या. उजव्या अंगाला ठेवलेला चहाचा कप त्यांना सापडायचा नाही. समोर सरकवला की लगेच उचलायचे. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. एकदा म्हणाले, "ह्या नव्या बल्बांभवती रंगीत कडं दिसतंय बगा, माल हलका यायला लागला." मी हसलो. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, मला गाठून विचारलं, "ह्ये परवा वासराला धडाकलं. काय हुतंय वो यास्नी?" वय झालं मावशी, असं मी म्हणालो.

मग आबा एक पुडी घेऊन आले. पुण्याच्या दुकानातून कुणाकरवी तरी मागवलेली. नळीच्या टोकाला नेमासाठी पितळेचा बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. पुडीत तशीच, पण अंधारात चमकणारी हिरवी माशी होती. उजेड दाखवला की पुढे बराच वेळ चमकत राहणारी. "सांच्याला जुनी माशी गावंना झालीया," आबा म्हणाले. "पितळ काळं पडलंय. ही बसवून द्या."

तो रविवार मला अजून हातांत आठवतो. व्हाइसच्या जबड्यांना चामडं लावून नळी अडकवली, जुनी माशी फिरवून काढली. नव्या माशीचे आटे जुन्या भोकाला बसेनात, म्हणून पितळेचा एक इवलासा खिळा कानशीने घासून, दोन्हीकडे आटे पाडून मध्ये घातला. आबा शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, "तिरकी नगं. केसभर तिरकी बसली की माणूस हुकतंय." शेवटी चिकटवायचं औषध लावलं, माशी बल्बखाली धरून उजेड पाजला, आणि हात लागू नये म्हणून टोकाला फडकं गुंडाळून ठेवलं.

तासाभराने औषध वाळलं. आता तपासायची होती. मी खिडकीवर घोंगडी टाकली, दार लावलं, बंदूक आबांच्या हातात दिली आणि दिवा घालवला. भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख झाला. आबांनी हत्यार खांद्याला लावल्याचा आवाज आला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की फडकं माशीवर तसंच राहिलं आहे.

आबा म्हणाले, "दिसतंय, मास्तर. लय झ्याक दिसतंय."

मी चाचपत पुढे गेलो आणि फडकं काढलं. काजव्याएवढा स्वच्छ हिरवा ठिपका माझ्यासमोर उघडा झाला. आबांच्या आवाजात काही फरक पडला नाही. "बेस काम केलंसा," ते म्हणाले.

"छान बसलीय," मी म्हणालो आणि दिवा लावला.

त्यानंतर सहा महिने मी त्यांना रोज बघत होतो. रोज ठरवायचो, आज बोलू. पण बोललो की त्यांची नोकरी जाणार, आणि ती मी घालवल्यासारखं होणार. मी गप्प राहिलो, आणि आपण त्यांच्यावर उपकारच करतोय असं मला वाटत राहिलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शीतगृहाच्या फाटकात मागे येणारा ट्रक त्यांना बाजूने दिसला नाही. पाय मोडला. मिरजेच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी डोळे पाहिले. काचबिंदू. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर मला बाहेर म्हणाले. "पाच-सहा महिने आधी आणलं असतं, तर उरलेली राखता आली असती." मावशींनी मला विचारलं, "मास्तर, तुमास्नी कदी जाणवलं न्हाई व्हय?" मी नाही म्हणालो.

वर्षभरात आबांना दार आणि भिंत यांतला फरक कळेनासा झाला. हत्यार पोलीस ठाण्यात जमा झालं. मावशी दुसऱ्यांच्या बागेत द्राक्षं खुडायला जाऊ लागल्या आणि आबा दिवसभर पायरीवर बसू लागले. एकदा दुपारी धीर करून मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आबा, त्या दिवशी अंधारात माशीवर फडकं होतं."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "हत्यार माज्या हातात हुतं. तुमी फडकं वडलं तवा नळी हलली की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

रागाचा लवलेश नव्हता त्यांच्या बोलण्यात.

"तुमी बोलशीला म्हून वाट बगितली. तुमी मास्तर मानूस. केसाएवढी फट दिसती तुमास्नी. तुमी कायच बोलला न्हाई, तवा म्हनलं, यवढं काय नसंल."

मी तिथेच बसून राहिलो. मावशी कामावरून आल्या, त्यांनी चहा टाकला. मी कप आबांच्या हातात नीट दिला आणि उठलो. त्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज केला.