फिनेलबाई आणि तीन महिन्यांचे पाहुणे

जखमी प्राण्यांच्या केंद्रात तिला सगळे फिनेलबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. फिनेलचा वास आला की बाई आसपास आहे, आणि बाई आसपास असली की पिंजरा धुतलेला आहे, पाणी बदललेलं आहे, औषध वेळेवर गेलेलं आहे. संचालकांनाही पाठीमागचं नाव होतं, बाराखिशे. त्यांच्या मळकट हिरव्या जाकिटाला बारा खिसे होते आणि एकाही खिशातून कामाची वस्तू निघालेली कोणी पाहिली नव्हती.

बाई आधी एकोणीस वर्षं माणसांच्या इस्पितळात आया होती. बरी झालेली माणसं जाताना तिचे हात धरून आभार मानत आणि फाटकाबाहेर पडली की तिचा चेहराही विसरत. मोठ्या सिस्टरशी एकदा कडाक्याचं वाजलं, तेव्हा ती दोन महिन्यांपुरती म्हणून इथे आली आणि अकरा वर्षं राहिली. इथले रोगी आभार मानत नव्हते, चावत होते. तिला तो व्यवहार सरळ वाटायचा.

न पटणारी गोष्ट एकच होती. दर तीन महिन्यांनी सहा-सात जणांची नवी तुकडी यायची. निसर्ग वाचवायला निघालेली कॉलेजातली मुलंमुली, अनुभवासाठी. कागदोपत्री ते प्रशिक्षणार्थी. बाईच्या लेखी पाहुणे. पहिल्या दिवशी पायात कोरे करकरीत बूट आणि गळ्यात दुर्बीण. इथला सगळ्यात लांबचा प्राणी चार हातांवर, पण दुर्बीण हवीच. दुसऱ्या दिवशी कळायचं की वन्यजीवांची सेवा म्हणजे बारा आणे विष्ठा आणि चार आणे धुणं. तिसऱ्या दिवशी कोणाची तरी पाठ धरायची. घुबडासाठी मेलेले उंदीर कापायला दिले तर एकाने गंभीरपणे विचारलं होतं, याला फळांची सवय लावता येणार नाही का? बाईने त्याला आठवडाभर टॉवेल धुवायला बसवला. टॉवेल तरी काही विचारत नाहीत, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

ती कोणाचं नाव लक्षात ठेवत नसे. अंगावरच्या वस्तूवरून हाक मारायची. गॉगल, इकडे ये. घड्याळ, बादली उचल. पाहुणे मात्र तिला लाडाने मावशी म्हणत. पहिल्या दिवशी ती स्वच्छ सांगायची, "तुझ्या आईला बहीण असेल तर तिला मावशी म्हण. मला बाई म्हणायचं." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मावशीच.

त्या खेपेला जी आली तिच्या डोक्यावर पानापानांच्या नक्षीची रुंद टोपी होती, म्हणून ती टोपी. पहिली लंगडी खार बघितली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळे हळहळले. बाईने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांचा अनुभव होता, रडणारी माणसं हात धुवायला विसरतात.

दुसऱ्या आठवड्यात रस्त्याचं काम करणाऱ्यांनी खोक्यातून घारीचं पिल्लू आणलं. झाड तोडलं होतं, त्यावरचं घरटं पडलं होतं. पिल्लू कापसाच्या बोळ्यासारखं, पंखांची नुसती खुंटं फुटलेली. अशा पिल्लाचा नियम कडक असतो. खोक्यापुढे पडदा, पडद्याला चीर, चिरीतून चिमट्याने मांस द्यायचं, बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. त्या वयात जो भरवतो तो आपल्याच जातीचा असं पिल्लू धरून चालतं. मग ते जन्मभर माणसांच्या अंगावर उतरतं आणि एक दिवस कोणीतरी त्याच्या डोक्यात काठी घालतं. बाई हे प्रत्येक तुकडीला चार वाक्यांत सांगायची आणि प्रत्येक तुकडी ते वहीत लिहून घ्यायची. लिहून घेण्यात पाहुणे पटाईत होते.

नेमकी तेव्हाच नवऱ्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली. नवरा शिंपी, शाळेचे गणवेश शिवणारा. दहा दिवसांची रजा घ्यावी लागणार होती. पिल्लाचं काय, असं तिने संचालकांना विचारलं.

"टोपीकडे देऊ," बाराखिशे म्हणाले. "तिला प्राण्यांची फार ओढ आहे."

"साहेब, तीच तर भीती आहे."

"बाई, तुम्ही फार कडू बोलता. मुलांवर विश्वास टाकायला शिका."

रखवालदार म्हातारा होता, अडाणी होता, पण सांगितलं तेवढंच करणारा होता. त्याच्याकडे पिल्लाच्या खोलीची किल्ली द्यायचा हट्ट तिला धरता आला असता. पण त्या सकाळी रुग्णालयात आठ वाजता पोचायचं होतं, रिक्षा दारात उभी होती. तिने खोक्यावर नियमांचा कागद चिकटवला, किल्ली टोपीच्या हातावर ठेवली आणि निघाली. पुढे या गोष्टीसाठी तिने जितका टोपीचा तितकाच स्वतःचाही धिक्कार केला.

दहा दिवसांनी परत आली तेव्हा पडदा बाजूला गुंडाळून ठेवला होता. पिल्लू व्हरांड्यात टोपीच्या मांडीवर बसलं होतं. टोपी बोटांनी त्याला मांस भरवत होती, दुसरी मुलगी फोन धरून ते टिपत होती. बाई दिसल्यावर पिल्लाने मान वळवली आणि चोच उघडून तिच्याकडेही खायला मागितलं. जराही बिचकलं नाही. 

"मावशी, आम्ही याचं नाव छकुला ठेवलंय," टोपी म्हणाली. "हाक मारली की ओ देतो."

"कागद वाचला होतास?"

"वाचला ना. पण तो एकटा किती घाबरायचा. मला बघवेना."

"तुला बघवेना म्हणून त्याचा जन्म वाया घालवलास," बाई म्हणाली आणि पिल्लू उचलून आत घेऊन गेली.

संचालक तर हवेत होते. छकुल्याचं चित्रण दोन लाख लोकांनी पाहिलं होतं. पुढच्या तुकडीसाठी अर्जांचा ढीग लागला होता. त्यांचा बेत ठरला होता की छकुल्याला सोडायचंच नाही. हातमोज्यावर बसवायचा, बघायला येणाऱ्या लोकांना दाखवायचा, केंद्राचं नाव होईल.

"ठेवा," बाई म्हणाली. "मी उद्यापासून येत नाही. विलगीकरणाची खोली टोपीला धुवायला सांगा. तिला ओढ आहे."

संचालकांना त्या खोलीतला वास आठवला असावा. बरं, सोडू, म्हणाले. त्यांना तत्त्व पटलं नव्हतं, पण नवी बाई शोधणं परवडणारं नव्हतं. अशा माणसाकडून होकारही तिला उष्ट्यासारखा वाटला, तरी तिने तो घेतला.

मागच्या मोठ्या पिंजऱ्यात पंख मोडून अधू झालेली एक म्हातारी घार होती. बाईने पिल्लू तिच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलं, मध्ये फक्त जाळी. बाहेरच्या तिन्ही बाजूंना गोणपाट ठोकलं. खाणं आत सरकवायला लांबोडा पन्हळ लावला, म्हणजे हातसुद्धा दिसणार नाही. पिंजरा झाडायला आत जावंच लागे, त्यासाठी तिला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारी खोळ हवी होती.

नवरा घरी पलंगावर पडून होता, मशीनचं पायडल मारायला मनाई. खोळ त्याने हातानेच शिवली, गणवेशाच्या उरलेल्या तपकिरी कापडाची.

"अगं, माणसांची तुला एवढी शिसारी," दोरा ओवता ओवता तो म्हणाला, "मग आमच्यासारख्याशी कसं निभावलं?"

"तुम्ही कमी बोलता," ती म्हणाली. "आज मात्र जास्त बोलताय."

सात आठवडे पिंजऱ्याची किल्ली तिच्या कमरेला होती. पिल्लू आधी चार दिवस माणसाच्या चाहुलीने ओरडून ओरडून बेजार झालं. टोपी भिंतीपलीकडे उभी राहून रडायची, निर्दयपणा आहे म्हणायची. बाईने तिला खारींच्या पिंजऱ्याचा तळ खरवडायला दिला. हळूहळू पिल्लू जाळीपलीकडच्या म्हातारीकडे बघायला लागलं. मग तिच्यासारखं मांस पायाखाली दाबून फाडायला लागलं. पिसं भरली, पंख सुटले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झेपा सुरू झाल्या.

सोडण्याचा समारंभ रविवारी ठरला होता. कॅमेरे येणार होते, टोपी स्वतःच्या हातांनी छकुल्याला आकाशात सोडणार होती, संचालक दोन शब्द बोलणार होते. बाईने शुक्रवारी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, पिंजऱ्याचं छत सरकवलं. पिल्लाची आता घार झाली होती. ती पिंजऱ्याच्या काठावर आली, बराच वेळ बसली आणि उडून गेली.

"तुम्ही संस्थेचा क्षण हिरावून घेतला," बाराखिशे म्हणाले. रागाने त्यांच्या एका खिशाचं बटण तुटलं होतं.

"क्षण तिचा होता साहेब, संस्थेचा नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी घार परत आली. बाई अंगण धूत होती. घार गच्चीवरून सरळ खाली, टोपीच्या दिशेने. टोपीने हात पुढे केला आणि हाक मारली, छकुल्या, ये. बाईने भरलेली बादली उचलली आणि दोघांच्या मध्ये रिकामी केली. घार फडफडत वर गेली. टोपी नखशिखांत भिजली, पानापानांची टोपी तिच्या कानांवर लोंबायला लागली.

"त्याचं माझ्यावर प्रेम आहे," ती हुंदके देत म्हणाली.

"त्याला भूक लागलीय," बाई म्हणाली. "प्रेम तुझं तुझ्यावर आहे."

आणखी दोन दिवस घार आली. बाईने पत्रे बडवले, पाणी फेकलं, एकदा झाडूही भिरकावला. रखवालदाराने तिला साथ दिली. बाकीचे खिडकीतून बघत होते, जणू बाईला वेड लागलंय. चौथ्या दिवशी घार आली नाही. ती कुठे गेली, जगली की नाही, हे कोणाला कळलं नाही. आकाशात दिसणाऱ्या दहा घारींतली कोणती ती, हे ओळखता येत नव्हतं, आणि बाईच्या मते काम जमल्याची तेवढीच एक खूण होती.

शेवटच्या आठवड्यात मूल्यमापनाचे कागद तिच्याकडे आले. टोपीच्या कागदावर तिने प्रत्येक रकान्यापुढे गुण लिहिले. स्वच्छता, एक. वक्तशीरपणा, दोन. सूचना पाळणे, शून्य. प्राण्यांविषयीचे प्रेम, पाचपैकी पाच. शेरा लिहायच्या जागी तिने लिहिलं, याच कारणाने हिला प्राण्यांजवळ जाऊ देऊ नये.

संचालकांनी तो कागद खिशात घातला आणि स्वतः नवा भरला. टोपीला प्रमाणपत्र मिळालं, शिफारसपत्र मिळालं आणि सहा महिन्यांत एका मोठ्या संस्थेत लोकजागृतीची नोकरीही लागली. आता ती शाळाशाळांतून फिरते आणि एका घारीच्या पिल्लाला आपण कसं वाचवलं ते सांगते. बाईला हे एका नव्या पाहुण्यानेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने. तो त्या भाषणामुळेच इथे आला होता. त्याच्या मनगटावर चामड्याचा पट्टा होता.

"तुम्ही ओळखता का त्यांना, मावशी?"

"पट्टा काढून ठेव," बाई म्हणाली. "त्यात घाण अडकते. आणि बादली घे."