चोराच्या टोपीचा कागद

"मूळ कपाटात, नक्कल कामाला," हे मावशींचं पालुपद. शिवणकामात अख्ख्या गल्लीत त्यांचा हात कुणी धरत नव्हतं, पण मापाचे जाड पुठ्ठे त्यांनी कधी कपाटाबाहेर जाऊ दिले नाहीत. पातळ कागदावर आकार गिरवायचा, मशीनवरच्या पोरींना द्यायचा आणि कपडा झाला की कागद टराटरा फाडायचा.

त्यांची नात ठमी गेल्या वर्षी तापात महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आता शाळेत त्याच तापाची लस येणार, आणि ही अडून बसली. सुईतून अंगात चिठ्ठी शिरते नि माणूस आतून बदलतो, असं वर्गात कुणी तिच्या डोक्यात भरवलं होतं. ठमीची आई नर्स. तिनं लसीतला संदेशवाहक आरएनए समजावला, तो पोरीच्या डोक्यावरून गेला. मावशींच्याही गेला. मग जेवता जेवता त्यांनी लेकीला पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि एकदम हसल्या. हे तर आपल्या दुकानातलंच!

लसीच्या दिवशी त्या कात्री-कागद घेऊन शाळेच्या व्हरांड्यात ठाण मांडून बसल्या. ठमीनं आज लस टोचून घेतली नाही तर पुन्हा तोच ताप यायची भीती. पोरं जमली तशा त्या सांगू लागल्या. पेशीत एक कपाट असतं, नाकाचे, केसांचे, सगळे पुठ्ठे त्यात. शिवणारी मंडळी बाहेर बसतात, गिरवलेल्या कागदावरून माल शिवतात. सुईतून जातो तो असाच कागद, चोराच्या टोपीचा. चोर म्हणजे तापाचा जंतू; तो नव्हे, नुसती त्याची टोपी. ती शिवली की अंगातले पहारेकरी तिला ओळखून ठेवतात.

दाखवायला टोपी कापली, तर बोलण्याच्या नादात घडी उलटी पडली आणि टोपीचे दोन तुकडे झाले.

"आजी, पहारेकरी हसून मरतील," ठमी म्हणाली. मग हळूच, "कागद कपाटात घुसला तर?"

"त्याला तिकडची वाटच नाही. काम झालं की फाटतो."

"मग पहारेकरी विसरतील."

"अगं भवाने, कागद फाटला तरी टोपी बघितलीय ना त्यांनी? विसरायला लागले, तर आणखी एक कागद धाडू."

ठमीनं थोडा विचार केला, बाही वर केली आणि आत गेली. "आई गं" तेवढं बाहेर ऐकू आलं.

मावशींनी कपटे गोळा केले, डोळे पदरानं टिपले आणि दुकानाच्या वाटेला लागल्या. दंडावर कापूस दाबून ठमी पायरीवर उभी होती, आजी कोपऱ्यावर वळेपर्यंत.